तिसरं पिंप

"...पण उस्ताद, ठकूला तुम्ही असं काय शिकवलंत, जे मला नाही?"

दादामियाँ उस्ताद घोडीच्या खुरातली माती काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हैबती आणि ठकू, दोघंही उस्तादांचेच चेले. नदीकाठच्या घोडेबाजारात पिंपांची शर्यत लागे. तीन रिकामी पिंपं मांडायची, प्रत्येकाला घोड्यानिशी वळसा घालायचा आणि भरधाव परतायचं. पिंप पडलं की स्वार बाद. हैबती तर असा वळायचा, की घोड्याचं तोंड स्वतःच्या शेपटीची ख्यालीखुशाली विचारून यायचं!

तरी यंदाची शर्यत ठकूनं मारली. हैबतीचं तिसरं पिंप आडवं झालं.

आणि उस्ताद थकले होते. त्यांचं खोगीर दोघांतल्या एकालाच मिळणार होतं.

"तिची घोडीच हलकी आहे," हैबती म्हणाला.

"मग घे तिची घोडी."

ठकू तिसऱ्या पिंपापलीकडे शेंगा फोडत उभी होती. "ने की, दादा," तिनं हाक दिली. "फक्त शिव्या नको घालूस. तिला सवय नाही."

हैबतीनं टाच मारली. पहिलं पिंप सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं...

ढण्ण!

"फितूर आहे ही घोडी!"

"असेल," उस्ताद म्हणाले. "तिसऱ्या पिंपापाशी काय दिसलं तुला?"

"ठकू. हसत होती."

"हातात शेंगा होत्या?"

"मूठभर. एक खाली पडली, ती उचलून फुंकून खाल्ली तिनं."

"हं... आणि पिंप?"

हैबती आडव्या पिंपाकडे आता कुठे बघू लागला.

उस्ताद उठले. कडेला सोडलेल्या टांग्यावरून त्यांनी घोड्याची झापडं काढून आणली. हैबतीनं ती आपल्या घोड्याला बांधायला हात पुढे केला.

"त्याला नाही," म्हणत उस्तादांनी ती हैबतीच्याच फेट्याला करकचून बांधली.

ठकूला हसताना ठसका लागला. हैबतीला ऐकू आलं, पण दिसलं नाही.

घोडा सुटला. पहिलं, दुसरं, तिसरं... पिंपावरची माशीसुद्धा उठली नाही! असा वळसा त्या बाजारानं पाहिला नव्हता. आता फक्त सरळ परतायचं होतं.

तेवढ्यात हैबतीच्या मनात आलं, ठकूनं बघितलं ना?

त्यानं झापडांसकट अख्खी मान मागं वळवली. मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर लगाम. घोडा बिचारा हुकमाचा ताबेदार. तोही वळला.

ढण्ण!

बराच वेळ पिंप गडगडत राहिलं...

"खोगीर ठकूला नेऊन दे," उस्ताद म्हणाले.

हैबती खाली उतरला. झापडांची गाठ सोडू लागला.

उस्तादांनी त्याचा हात धरला.

"झापडं राहू देत... तुझ्या घरची वाट ठकूच्या दारावरून जाते."