आत किती, वर किती

एका ओढ्याच्या काठी एक खेकडा राहायचा आणि एक खेकडीण. पिल्लं होती म्हणावं तर होती, नव्हती म्हणावं तर नव्हती. दरसाल व्हायची, आणि ओढा फुगला की बिळातून वाहून जायची.

आडवं चालणारी जात ती. त्यांच्या बोलीत लांब आणि जवळ एवढंच होतं, चढाला शब्दच नव्हता. खेकडा दर वेळी काठात आणखी लांब बीळ कोरायचा. म्हणायचा, "एवढ्या आत पाणी येतंय कशाला मरायला?" पाणी यायचं, शेवटच्या भिंतीला टेकायचं आणि पिल्लं घेऊन जायचं.

एका साली खेकडीण रिकाम्या बिळात बसून राहिली. गाळाची रेघ दाराशी जेवढी उंच, तेवढीच शेवटालाही होती.

"अहो, आपण नुसतं आत गेलो. वर गेलोच नाही."

"वर? ते काय असतं?"

"एक नांगीभर आत गेलात, की अर्धी नांगी आभाळाकडं कोरायचं."

खेकडा कुरकुरत कामाला लागला. निम्म्यात दमला. "आता जरा सपाट चालेल की गं!"

"तुमच्या सपाटानंच माझी कूस उजाड केली. पहिल्या नांगीला जेवढं वर, तेवढंच शेवटच्या नांगीला."

पुढल्या पावसात ओढा फुगला. पाणी दारातून शिरलं, अर्ध्या बिळापर्यंत चढलं आणि तिथंच अडलं. ओढा उतरला, तेव्हा खेकडिणीच्या पोटाखाली पिल्लांची ढकलाढकली, चावाचावी चालली होती. ती कुणालाही रागावली नाही.