कुडवणचे पाठीमागे बांधलेले हात

कुडवण गावात शिरताना ओढ्याच्या अलीकडे गरम पाण्याचे एक कुंड लागते. थंडीत त्यावर सकाळभर वाफ तरंगते. दिवाळीनंतर तिथे गेलात, तर कधीकधी काठावर एखादी मुलगी नाकाला ओले फडके टेकवून बसलेली दिसते, आणि वाटेने येणारा जो तो तिला पाहताच दोन्ही हात पाठीमागे बांधतो. पाहुण्यांना वाटते, गावात चोरी झाली आणि सगळ्यांनाच धरून नेत आहेत! मग देवळाचे सोमा गुरव त्यांना पायरीवर बसवतात आणि वेजूची हकीकत सांगतात.

फार जुन्या काळी, असे सांगतात, शिमग्याला पावणाई देवीची पालखी निघे ती एका मुलीच्या मागोमाग. त्या मुलीच्या नाकात देवीची मोत्यांची नथ असे. नथवाली पुढे नसेल तर पालखी भोयांच्या खांद्यावर चढायची नाही, असा देवीचा कौलच होता. पण मध्ये अशी काही वर्षे आली, की गावातल्या मुलींची नाके टोचली की चिघळू लागली. चार दिवसांत सूज, मग पू, मग ताप. शेवंती नावाच्या मुलीचे तर भोक बुजून वर गाठ राहिली. आयांनी धास्ती घेतली. नाके टोचणाऱ्या बायो सोनारणीच्या हातालाच लोक दोष देऊ लागले, तेव्हा तिने सुई फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. त्यातच आधीची नथवाली लग्न होऊन घाटावर गेली. कार्तिक लागला आणि ध्यानात आले, की गावात टोचलेल्या नाकाची एकही कुमारिका उरलेली नाही.

वेजू तेव्हा अकरा वर्षांची होती. ढोल वाजला की तिचे पाय घरात ठरत नसत. यंदा पालखी देवळातच बसणार हे कानावर आले, तशी ती ताटावरून उठली आणि सोनारणीच्या ओटीवर जाऊन बसली.

"बायोआजी, माझं नाक टोच."

"नको गो बाय. माझ्या हाताला यश नाय."

"शेवंतीचं टोचलंस तेव्हा रगत किती आलं?"

"एक थेंब. तोही पुसला नि थांबला."

"मग चिघळलं कशानं?"

हा प्रश्न म्हातारीला आजवर कुणी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, "मी टोचते एकदा, पोरी. मग गाव टोचतो शंभरदा. जो येतो तो 'बघू गो' म्हणतो नि बोट लावतो. कुणी राख लावतो, कुणी चुना, कुणी तार फिरवून बघतो. मायेनंच करतात सगळी. त्यांना कोण अडवणार?"

"मी अडवीन," वेजू म्हणाली.

वेजूची आई आधी रडली, मग भांडली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लेकीचा हात धरून तिला घेऊन आली. बायोने सुई उकळत्या पाण्यात घातली, तार घातली, स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले. वेजूला एक शिंक आली, डोळ्यांतून पाणी आले, आणि नाकात सोन्याची बारीक तार लकाकली. बायोने बजावले, "सकाळ-संध्याकाळ कुंडाचं पाणी घ्यायचं, काठावरच उकळून कोमट करायचं, चिमूटभर मीठ घालायचं, त्यानं धुवायचं. स्वच्छ फडक्यानं हलकेच टिपायचं. तार फिरवायची नाय. त्या कुशीवर निजायचं नाय. नि तिसरी अवस सरेपर्यंत तार काढायची नाय."

वेजूने सारे पाळले. पण गाव लोटले! मावशीने गालगुच्चा घेतला. आत्याने खोबरेल माखले. शेजारणीने तार गोल फिरवून "बसली हो नीट" असा निर्वाळा दिला. मायेने आलेल्या माणसाला नको म्हणायला वेजूची जीभ रेटेना. तिसऱ्या सकाळी नाक मिरचीसारखे लाल झाले आणि ठणकू लागले. कुंडाकाठी बसून ती नाक टिपत होती आणि रडत होती. आपल्यामुळे बायोआजीला पुन्हा बोल लागणार, हे तिला ठणक्यापेक्षा जास्त लागत होते.

एवढ्यात गावाचे प्रमुख रवळोजी गावकर तिथे आले. मागे अर्धा गाव होता. गावकरांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी तंबाखू मळलेला हात कौतुकाने पुढे केला. "बघू गो, देवीचं नाक."

वेजू उठली.

"गावकरबाबा, हात मागं घ्या."

गर्दीत उभ्या आईने पदर तोंडाला लावला. वेजूने हात जोडले. "तुमची माया मला हवी. पण आत्ता हातानं नको, तोंडानं द्या."

गावकरांच्या मिशा थरथरल्या. लोकांना वाटले, आता कडाडणार. पण त्यांनी आपले दोन्ही हात सावकाश पाठीमागे नेले, एकात एक अडकवले आणि मागे वळून गरजले, "बघता काय? बांधा हात! हिचं नाक बरं होईस्तवर हिच्यासमोर ज्याचा हात पुढं येईल, त्याला पालखीचा खांदा नाय!"

तेव्हापासून कुडवणात मोठी गंमत सुरू झाली. हातवारे केल्याशिवाय जिला बोलता येत नसे, ती आत्या वेजूसमोर शब्दाशब्दाला अडखळू लागली. एकदा खुद्द गावकरांच्या नाकावर माशी बसली. हात मागे, मान इकडे, मान तिकडे, पण माशी काही हलेना! शेवटी वेजूनेच पदराने ती उडवली, आणि दोघेही पोट धरून हसली.

आठवड्यात लाली उतरली. तिसरी अवस सरली तेव्हा बायोने तार काढली. आत मोहरीएवढे भोक, कोरडे, स्वच्छ. म्हातारीने गावभर कुणाला काही सुनावले नाही. नुसती सुई पुन्हा फळीवरून खाली काढली.

शिमग्याला वेजूच्या नाकात देवीची नथ चढली. भार पडू नये म्हणून नथीला काळ्या दोऱ्याने केसांशी आधार दिला होता. पालखी त्या दिवशी अशी नाचली, की ऊन कलले तरी भोयांना ती खाली ठेवू देईना, असे सांगतात. मिरवणुकीत गावकर मात्र सवयीने हात मागे बांधूनच चालत होते. वेजू थांबली, मागे आली, त्यांचे हात तिने सोडवले आणि आपल्या दोन्ही गालांवर ठेवले.

"आता द्या, बाबा."

आजही कुडवणात तिसरी अवस सरली की नाक टोचलेली मुलगी घरोघर जाते, आणि वडीलधारी माणसे हात धुऊन दारात उभी असतात. गाव लहान, घरे सारी बेचाळीस. पण मागल्या वर्षी सोमा गुरवांची नात सकाळी निघाली ती दुपार टळल्यावर घरी आली. कुणी हात लवकर काढीचना.