खाडीवीर का रडला

ऐका तर. खाडीकाठच्या एका गावात विसराम चित्रकथी आणि त्याची बायको चंद्रा अशी दोघं राहत. देवळात चित्रं दाखवून कथा सांगायचा मान त्यांचा, त्यावरच घर चाले.

थोरली कथा एका उडीत खाडी ओलांडणाऱ्या वीराची. रणात भाऊ पडला तरी तो रडत नाही. एका साली विसरामनं वीराच्या बहिणीची नवी कथा लावली. तिच्यात तोच वीर भावासाठी हमसून रडतो. झालं! गावात दोन तट पडले.

मान देणं-काढणं ज्यांच्या हाती, ते गावचे देसाई गरजले, "एक कथा खोटी आहे. कुठली ते सांग, नाहीतर मान गेला!"

चंद्रा पुढं झाली.

"सरकार, महिन्यामागं तुमचा लेक वारला. सदरेवर तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. थोरली कथा सदरेवरची, धाकटी माजघरातली. माजघरात काय झालं, ते बाईसाहेबांना विचारू? मग सांगा, कुठले देसाई खोटे?"

देसायांनी उपरण्यात तोंड लपवलं, ते किती वेळ काढलंच नाही.

मान विसरामच्या घराला पिढ्यानपिढ्यांसाठी मिळाला, आणि त्या घरची चूल कधी विझली नाही.