लुक आफ्टरचे समानार्थी शब्द

नर्सरीच्या प्रवेशाची मुलाखत म्हणजे अर्थातच आईची मुलाखत. एम.ए. होऊनही मी धास्तावले होते.

मुख्याध्यापिका देवस्थळीबाई म्हणाल्या, "'लुक आफ्टर'चे तीन समानार्थी शब्द सांगा, इंग्रजीतच. आईचं इंग्रजी कच्चं असलं तर आम्ही प्रवेश देत नाही."

माझं डोकं कोरं झालं. तेवढ्यात माझ्या शलाकानं गालिच्यावर शू केली. बाई दचकून खुर्चीसकट मागे सरकल्या.

शाळेच्या मावशी धावत आल्या. "असू दे गं बाय, होतं असं," म्हणत त्यांनी शलाकाला पुसून कडेवर घेतलं.

मी म्हणाले, "मॅडम, अर्थ मावशींनी करून दाखवला. त्या ज्या वर्गात असतात, तिथंच हिला घाला. शब्द मी घरी पाठ करीन."

बाईंनी प्रवेश अर्जावर सही केली. तिन्ही शब्द मला रिक्षात आठवले.