बंदुकीचं सुतक

"खून नाही तर काय म्हणायचं याला, बुवा?"

जयाजीराव इंगवल्यांनी लांब पिशवीची दोरी सोडली आणि आतली बंदूक केवलबुवांच्या पुढ्यात आडवी ठेवली. शेजारी म्यानातली संगीन ठेवली. मठाच्या ओसरीवर गार वारा होता, तरी त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं.

"पहिल्या महायुद्धातली आहे ही. गोळी भरायचा बोल्ट एका बोटानं ओढला तरी सुळ्ळकन सरकायचा. आणि त्या सरकारी शहाण्यांनी काय केलं? म्हणे, संग्रहात ठेवायची तर नियमाप्रमाणे निकामी करून ठेवा! बोल्टला वेल्डिंग मारलं, नळी बुजवली... माझ्या डोळ्यांदेखत मारली हो माझी बंदूक!"

बुवा बंदुकीकडे बघत राहिले.

"जिवंत होती?"

"होती म्हणजे? परवापर्यंत होती!"

"खायला काय घालायचास?"

जयाजीरावांच्या कपाळाची शीर उडाली. गावात त्यांची अशी चेष्टा करायची कोणाची छाती नव्हती.

"थट्टा नको, बुवा. भिंतभर बंदुका आहेत माझ्या, पण जीव हिच्यात होता. परवापासून घास उतरत नाही घशाखाली." त्यांनी आवाज खाली आणला. "चंद्राप्पा लेथवाल्याला वेल्डिंग काढता येतं. पण तो पडला तुमचा भक्त. बुवांनी सांगितलं तरच हात लावीन म्हणतो. एक शब्द टाका माझ्यासाठी. तेवढ्यासाठीच आलोय."

बुवांनी बुजवलेल्या नळीवरून बोट फिरवलं.

"सुतक धरलंस?"

"काय?"

"खून झाला म्हणतोस. घास उतरत नाही म्हणतोस. सुतक धरलंस का?"

"बंदुकीचं कसलं सुतक!" जयाजीराव उसळले. "मी काय खुळा आहे? सुतक माणसाचं असतं!"

बुवांनी मान डोलावली. मग संगीन उचलून म्यानातून बाहेर काढली. पात्यावर, मुठीच्या जवळ, एक काळपट डाग होता. बुवांनी उपरण्याचं टोक तांब्यात बुडवलं आणि डागाकडे नेलं.

"हां हां! पुसू नका!"

जयाजीरावांनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. आजवर त्यांनी बुवांना पायांखेरीज कुठं हात लावला नव्हता.

"काय करताय काय तुम्ही? इतकी वर्षं मी तिथं तेलाचं बोटसुद्धा लागू दिलं नाही कोणाला! डाग गेला तर संगिनीत राहिलं काय? विळी नि ती सारखीच! खरा डाग आहे तो... रक्ताचा आहे!"

"कशाच्या रक्ताचा?"

"कशाच्या म्हणजे? माणसाच्या!"



उपरण्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. जयाजीरावांची पकड तशीच घट्ट होती.

बुवांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"मग सोड मला! आधी विहिरीवर जा आणि डोक्यावरून पाणी घे."