कोरडीचं पाणी

धोंडपारगावच्या वेशीबाहेर ही जी विहीर दिसते, तिचं नाव कोरडी. नाव ऐकून पाहुणे आधी हसतात, मग कठड्यावरून वाकून बघतात आणि हसणं विसरतात. चैत्र सरत आलाय, आणि पाणी अजून पाचव्या पायरीवर आहे. माझ्या सासूबाईंनी तिचा तळ पाहिला नव्हता. मीही पाहिलेला नाही.

तिला लागून ही दगडांची भिंत. तीनशेच्या वर कोनाडे आहेत हिला. प्रत्येक कोनाड्यात एक दगड, आणि खाली कोरलेलं, कुठल्या विहिरीतला आणि किती परसांवरचा. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. विहिरीची खोली आम्ही अजून परसातच मोजतो. ही पांढरी गारगोटी बघा, कोंबडीनं पिसं फुलवल्यासारखी. ही हिरवट, काचेच्या चौकोनी खड्यांची. ही गुलाबी, वेलदोड्याएवढ्या पाकळ्यांची. खालच्या ओळीतला तो काळा, जड दगड तेवढा जमिनीतून निघालेला नाही, तो आभाळातून पडला. पडताना रानात हातभर खड्डा केला, म्हणून गावानं त्यालाही खोदकामात धरलं.

तुम्ही दगडांचे शौकीन आहात, लांबून आलात. हातात घ्या, उन्हात धरा, भिंगातून बघा. ज्याच्या त्याच्या कोनाड्यात परत ठेवा म्हणजे झालं. विकत मात्र मागू नका. या भिंतीची राखण आमच्या घराकडे आहे, आणि आजवर इथला एक खडाही गेलेला नाही. का, ते सांगते. बसा या पायरीवर.

कधीची गोष्ट ते कुणाला नक्की ठाऊक नाही. सुरुंगाची दारू या भागात यायच्या आधीची, एवढं खरं. तेव्हा विहिरी घणानं आणि पहारीनं खोदत. खोदायला वडारांच्या टोळ्या यायच्या. काम संपेपर्यंत माळावर पालं ठोकून राहायच्या आणि मग पुढच्या गावाला जायच्या.

तिम्माण्णा नावाचा एक वडार त्या काळी फार नावाजलेला होता म्हणे. या गावानं त्याला बोलावलं. त्यानं हीच जागा धरली आणि दोन उन्हाळे खोदलं. बारा परस गेला, तरी माती ओली होईना. शेवटी एक काळी शिळा लागली, पहार मारली की ठिणगी उडायची आणि पहार मागे यायची. त्या शिळेच्या वर, विहिरीच्या अंगात, त्याला एक गोल गारगोटी सापडली. कवठाएवढी, वरून खडबडीत. त्यानं ती कानाशी धरून हलवली, तर आत पाणी डुचमळलं.

तो ती घेऊन पाटलाकडे गेला. म्हणाला, “पाटील, या खडकाच्या पोटात पाणी आहे. हे बघा. मला अजून एक उन्हाळा द्या.”

तेव्हाचे पाटील थकलेले होते, गावही थकलेलं होतं. पाटलांनी गोटी हलवून पाहिली आणि परत दिली. “घोटभर पाणी दगडात अडकलंय, तिम्माण्णा. त्यावर गाव जगत नाही.”

काम थांबलं. लोक त्या खड्ड्याला ‘वडराची कोरडी’ म्हणायला लागले. ते नाव तिम्माण्णाच्या आधी गावोगाव पोचलं. त्यानंतर विहिरीचं काम त्याला कुणी दिलं नाही. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत, जाती घडवत तो हिंडला. मरताना त्यानं ती गोटी आपल्या मुलीच्या, दुर्गव्वाच्या, ओटीत ठेवली. म्हणाला, “कोरडीला पाणी लागेपर्यंत हिला मोडू नको, कुणाला देऊ नको. माझं खरं होतं याची ही एकच साक्ष आहे.” दुर्गव्वानं त्याच्या पायाला हात लावून तसं वचन दिलं.

दुर्गव्वानं पुढं अठरा वर्षं विहिरी खोदल्या. तिचा नवरा मल्लाप्पा टोळीचा नाईक होता, पण टोळीत लोक तिच्याकडे बघूनच काम धरायचे असं सांगतात. तिला एक नाद होता. प्रत्येक विहिरीतून निघालेली गारगोटी ती जपून ठेवायची. चांगली दिसणारीच नव्हे, साधीसुद्धा. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक दगड वेगळ्या रंगाच्या चिंधीत बांधायची, आणि चिंधीला परसांइतक्या गाठी मारायची. पाणी लागलेल्या विहिरीचे दगड एका पोत्यात, कोरड्या गेलेल्या विहिरींचे दुसऱ्या. मुक्काम हलला की ही दोन पोती सगळ्यात आधी गाढवावर चढायची. मल्लाप्पा कुरकुर करायचा, “बाकीच्यांच्या गाढवावर भांडी असतात. आपल्या गाढवावर धोंडे.”

वाटेत एकदा गुजरातेतल्या खंबायतकडचा अकीकाचा व्यापारी भेटला म्हणे, दगडांना पैलू पाडून विकणारा. त्यानं पाण्याची गोटी कानाशी धरून हलवली. आतलं डुचमळणं ऐकलं, पुन्हा हलवून ऐकलं. त्यानं गोटीच्या बदल्यात दोन बैल देऊ केले. दुर्गव्वानं ती त्याच्या हातातून घेतली, चिंधीत बांधली आणि चालू लागली. मल्लाप्पा चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

मग ती तीन वर्षं आली. पाऊस नाही, नदीत वाळू, वाळूत खणलेल्या झिऱ्यांत वाटीनं भरायचं पाणी. तेही एकेक करून आटले. धोंडपारगावानं गाव सोडायचं ठरवलं. म्हाळोजी पाटील, जुन्या पाटलांचा मुलगा, यानं घरोघरचं उरलेलं पाणी एकत्र करून चावडीत ठेवलं. पंचवीस घागरी. तीन दिवसांच्या वाटेला पुरेल एवढं. सोमवारी निघायचं होतं.

त्याच्या आधीच्या मंगळवारी दुर्गव्वाची टोळी गावाच्या माळावर उतरली. ती म्हाळोजीकडे गेली आणि म्हणाली, “मी तिम्माण्णाची लेक. सोमवारपर्यंत मला कोरडी खोदू द्या.”

“तुझ्या बापानं दोन उन्हाळे खोदली, बाई.”

“तो जिथं थांबला तिथून मला खोदायचीय.”

म्हाळोजी काही वाईट माणूस नव्हता. जाता जाता कुणाचं काय बिघडतंय, असं म्हणून त्यानं होकार दिला.

विहिरीत वीस वर्षांचा गाळ होता. चार दिवस तो उपसण्यात गेले. शनिवारी शिळा उघडी पडली, काळी कुळकुळीत, आणि पहार तशीच मागे आली. मल्लाप्पानं संध्याकाळपर्यंत घण घातला. वर आला तेव्हा त्याच्या तळहाताची सालं निघाली होती. तो म्हणाला, “हिला आता आगच पाहिजे. लाल होईपर्यंत तापवायची आणि वरून पाणी ओतायचं. तरच तडकेल.”

“किती पाणी लागेल?”

मल्लाप्पानं तिच्याकडे बघितलं. “तू मागणार आहेस का त्यांच्याकडे? त्यांच्या लेकरांच्या तोंडचं?”

दुर्गव्वानं मागितलं. रविवारी सकाळी सगळं गाव इथं जमलं होतं, सामान बांधून. तिनं घोंगडी अंथरली आणि दोन्ही पोती तिच्यावर ओतली. मग एकेक चिंधी सोडत गेली. ही निमगव्हाणची, नऊ परस. ही हिरव्या सालीची गारगोटी निघाली आणि तिच्या खाली दीड हातावर पाणी लागलं. ही खैरमाळाची, अकरा परस. हीच हिरवी साल, दोन हातांवर पाणी. ही, ही आणि ही. दुसऱ्या पोत्यातल्या दगडांत हिरव्या सालीचा एकही नव्हता. “या विहिरी कोरड्या गेल्या,” ती म्हणाली. “मी दगड गोळा केले ते खेळायला नाही. माझा बाप खोटा होता की खरा, ते मला बघायचं होतं.”

लोक मान हलवत होते, पण कुणी पुढं होईना. पंचवीस घागरी शिळेवर ओतल्या आणि पाणी लागलं नाही, तर वाटेला लागायचीही सोय राहत नव्हती. म्हाळोजी म्हणाला, “दगड तू आणलेस, नावंही तूच सांगतेस. या विहिरीतलं काय आहे तुझ्याकडे?”

तेव्हा तिनं पाण्याची गोटी काढली. म्हाळोजीला घेऊन ती दोरानं विहिरीत उतरली. शिळेच्या हातभर वर एक गोल खळगा होता. तिनं गोटी त्यात ठेवली, तर ती नेमकी बसली, खडबडीत पाठीचा एकेक उंचवटा आपापल्या खाचेत. खळग्याच्या कडेला बोटभर हिरवी साल होती. म्हाळोजीनं ती नखानं खरवडून पाहिली. वर येऊन त्यानं गावाला सांगितलं, “गोटी इथलीच आहे.”

“असेल इथली,” गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. “पण आत पाणीच आहे हे कशावरून? सुटा खडाही वाजतो.”

दुर्गव्वानं कमरेची छिन्नी काढली म्हणे. मल्लाप्पाला कळलं ती काय करणार आहे. दोन बैलांसाठी चार दिवस न बोललेला तो माणूस, तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, “नको, दुर्गे. बापाला शब्द दिलायस.”

“बापाला पाणी पाहिजे होतं,” ती म्हणाली. “गोटी नाही.”

तिनं गोटी कठड्यावर ठेवली आणि छिन्नीच्या एका घावात फोडली. आतून पाणी निघालं, स्वच्छ, तिच्या तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. ती ते घेऊन म्हाळोजीच्या आईपुढं गेली. या बाईंचं नाव ठकाई. तिम्माण्णाला परत पाठवलं तेव्हा त्या ओसरीवर उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलेलं होतं. दुर्गव्वानं तळहात पुढं केला. ठकाईंनी वाकून तिच्या हातातलं पाणी ओठांना लावलं. वडराच्या हातचं पाणी पाटलाच्या घरातल्या बाईनं चारचौघांत पिणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

ठकाई मुलाला म्हणाल्या, “गोड आहे. माझ्या वाटणीची घागर आण.”

मग दुसऱ्या घरानं आणली. मग तिसऱ्यानं. कुणी रडतच आणली. दुपारपर्यंत पंचवीसच्या पंचवीस घागरी इथं रांगेत होत्या. निघण्यासाठी भरलेल्या गाड्या उतरवून, त्यांच्या फळ्या मोडून लोकांनी सरपण केलं. शिळेवर जाळ पेटला, विहिरीच्या तोंडातून धूर आणि झळ वर येत राहिली. जाळ बसायला आला तशी दुर्गव्वानं पहिली घागर ओतली. वाफेचा लोट आला. दहावी, अकरावी, बारावी. काही नाही. एकोणिसाव्या घागरीला आतून आवाज झाला, म्हणे, जुनं झाड मोडताना होतो तसा. सगळ्या ओतून झाल्या. रिकाम्या घागरी घेऊन गाव थांबलं.

वाफ विरल्यावर मल्लाप्पा खाली उतरला. शिळेला आडवी भेग गेली होती. त्यानं भेगेत पहार घातली आणि सगळं अंग टाकलं. पहार मनगटापर्यंत आत गेली. तो ती ओढायला गेला, तर पहारीच्या भोवतीनं पाणी उसळलं आणि त्याच्या छातीवर आदळलं. वरच्यांना फक्त त्याचं हसणं ऐकू येत होतं. तो दोराला धरून वर यायला लागला, आणि पाणी त्याच्या मागोमाग चढत होतं. सूर्य मावळेपर्यंत ते तीन परस चढलं.

गावानं त्या संध्याकाळी सामान परत घरात नेलं. गुरं सोडली. हलगी वाजली, वडारांची बायामाणसं आणि गावची बायामाणसं एकाच रिंगणात नाचली असं सांगतात, आणि मला ते खरं वाटतं.

म्हाळोजीनं दुर्गव्वाला विचारलं, “विहिरीला तुझ्या बापाचं नाव देऊ का?”

ती म्हणाली, “कोरडीच राहू द्या. त्या नावानं त्यानं मरेपर्यंत मान खाली घातली. आता प्रत्येक पोहरा भरताना तुम्ही ते घ्या.”

ती दोन पोती तिनं गावाच्या स्वाधीन केली. पुढं जो कुणी विहीर धरेल त्यानं ते दगड बघावेत आणि आपलीही गारगोटी आणून ठेवावी, एवढंच सांगितलं. त्याची ही भिंत झाली. बक्षीस काय हवं, असं म्हाळोजीनं पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा तिनं एकच मागितलं. त्या काळी नव्या विहिरीचं पाणी आधी देवाला, मग पाटलाला, मग गावाला जायचं. खोदणाऱ्यांना लांबून ओंजळीत ओतत. दुर्गव्वा म्हणाली, “या गावात जो खोदेल तो पहिलं पाणी पिईल, याच कठड्यावर बसून. त्याचं होईपर्यंत कुणी घागर बुडवायची नाही.” म्हाळोजीनं त्याच संध्याकाळी ते पाळलं. टोळी प्यायली, आणि तहानलेलं सगळं गाव हात बांधून उभं होतं.

आजही ते चालू आहे. आता यंत्रं आलीत, बोअर घेतात. परवा माळावर बोअरला पाणी लागलं. गाडीवरची माणसं पार दक्षिणेतली, त्यांना मराठी येत नव्हतं. आमच्या सरपंचबाईंनी पहिला तांब्या भरून गाडीवाल्यापुढं धरला. त्याला वाटलं, पाणी खारट आहे का बघायला सांगताहेत. तो दोन घोट प्यायला आणि तांब्या परत द्यायला लागला. कुणी घेईना. त्यानं मागं वळून पाहिलं, तर अख्खं गाव रिकामी भांडी घेऊन शांत उभं. त्याला काहीतरी उमगलं असावं. त्यानं पायातल्या चपला काढल्या, खाली बसला, आणि तांब्यातलं सगळं पाणी सावकाश पिऊन संपवलं. मग आम्ही भांडी भरली.