महाराजांचा चेहरा आणि चमचाभर पूड

भुजंगराव महाराजांना पुन्हा तीस वर्षांचं व्हायचं होतं, तेही दसऱ्याच्या आत. आणि ते काम पडलं नागोजी तेल्याच्या गळ्यात.

झालं होतं असं. मुंबईच्या एका कंपनीचा एजंट संस्थानात आला आणि त्यानं महाराजांपुढं तेलाच्या दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या, वर्षभर खिडकीत ठेवलेल्या. पहिलीचं बूच काढताच दिवाण आबाजीपंतांनी नाकाला उपरणं लावलं. दुसरीतलं तेल मात्र काल गाळल्यासारखं.

"हिच्यात आमची पूड आहे," एजंट म्हणाला. "कारखान्यात बनते. मणभर तेलाला चहाचा चमचाभर पुरे. चिवडा, बिस्किटं, तूप, काही खवट होत नाही. बड्या घरच्या बायकांच्या तोंडाला लावायच्या क्रीममध्येसुद्धा घालतात."

तोंडाला लावायच्या! महाराजांनी तेवढंच ऐकलं. क्रीम नासू नये म्हणून पूड घालतात, तोंड नासू नये म्हणून नव्हे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. राजाला न सुचलेलं विचारायची दरबारात पद्धत नव्हती. एजंट डबा विकून सकाळच्या गाडीनं गेलासुद्धा.

महाराजांच्या मालिशचं तेल नागोजीच्या घाण्यावरून जायचं. त्याला बोलावणं आलं.

"ही पूड तेलात घाल आणि आमच्या चेहऱ्याला चोळ. दसऱ्याला फोटोग्राफर येतोय. फोटोत आम्ही तिशीचे दिसलो पाहिजे. नाहीतर तुझा घाणा फोडून बंबात घालू."

नागोजी घरी येऊन घाण्याला टेकून बसला. तीन पिढ्यांचा घाणा, बाभळीच्या लाकडाचा. त्याची मुलगी हौसा पेंड गोळा करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"डब्यात कागद होता का बाबा?"

"होता. इंग्रजी. दिवाणांनी वाचून दाखवला. पूड ताज्या तेलातच घालायची म्हणे. एकदा खवट झालं की उपयोग नाही."

"मग उद्या मी येते," हौसा म्हणाली. "तुम्ही फक्त गप्प उभे राहा."

दुसऱ्या दिवशी महाराज तोंड धुऊन, गळ्याला पंचा गुंडाळून दरबारात बसले होते. हौसानं डबा, चमचा आणि तेलाची वाटी मांडली. मग हात जोडले.

"सरकार, माल कुणाचा?"

"कसला माल?"

"हा. पंचा गुंडाळून बसलाय तो."

कुणीतरी खोकलं. महाराज म्हणाले, "आमचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"मग मालकानं चार माणसांत सांगायचं. ताजा की खवट?"

"काय बोलतेस, पोरी?"

"मी नाही बोलत सरकार, घाण्याची रीत बोलते. कुणीही तेल घेऊन आलं की आधी ते तळहातावर चोळून हुंगायचं. मालकानं मोठ्यानं सांगायचं, ताजं की खवट. मगच आम्ही हात लावतो. मागाहून भांडण नको. ही रीत पाटलाला आहे, भटजीला आहे. आज सरकारांना आहे."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. पांढऱ्या मिशीवरून.

"समज, ताजा म्हणालो?"

"तर प्रश्नच मिटला. ताज्या मालाचं आणखी काय ताजं करायचं? सरकार तिशीचेच आहेत असं सरकारांनीच सांगितलं. बाबांचं काम झालं, घाणा वाचला."

"आणि खवट म्हणालो?"

"तर पुडीचा उपयोग नाही. कागद दिवाणसाहेबांनीच वाचलाय. मग त्यात तेल्याचा काय दोष? फक्त दिवाणसाहेबांना दप्तरात लिहावं लागेल, की अमुक तिथीला महाराजांनी स्वतःच्या तोंडानं स्वतःला..."

आबाजीपंतांनी दौत हळूच लांब सरकवली.

"आणि आम्ही काहीच बोललो नाही तर?"

"तर मी हात लावत नाही. बसा तसेच. दसऱ्याला आठ दिवस आहेत."

तेवढ्यात चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला.

"एवढा विचार कसला करायचा? मला विचारा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हुंगायचीही गरज नाही."

महाराजांनी आधी डोळे वटारले. मग गालफडं हलली. मग पोट. मग तो राजा असा हसला, की गळ्यातला पंचा सुटून तेलाच्या वाटीत पडला.

"नागोजी, घाणा तुझा. वाड्याचं सगळं तेल आजपासून तुझ्याच घाण्यावरून येईल. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"आपल्या शयनगृहातला मोठा आरसा द्या, सरकार. सगळा घोळ त्यानं घातलाय."

महाराज पुन्हा हसले. आरसा आणि वर खिलारी बैल, दोन्ही संध्याकाळच्या आत तेलीआळीत पोचले. हौसानं आरसा घाण्यासमोरच्या भिंतीला लावला. बैल दिवसभर त्याच्यासमोरून फिरायचा, पण त्याच्या डोळ्यांवर झापडं होती. त्यानं कधी पूड मागितली नाही.